पाचव्या महिन्यातला कॅरम

चेतनाचे उलट्यांचे दिवस संपले ते सुकटीच्या वासाने. पहिले तीन महिने शेजारच्या घरात कांदा परतला तरी ती तोंडावर ओढणी दाबून बेसिनकडे धावायची. आणि एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरून भाजलेल्या सुकटीचा वास जिन्याने वर आला, तेव्हा ही बाई बेसिनकडे न जाता चप्पल घालून सरळ खाली गेली. बेल वाजवली. दार उघडणाऱ्या काकूंना म्हणाली, "काकू, लाज सोडून विचारते, थोडी मिळेल का?" आणि त्यांच्याच ओट्याशी उभी राहून भाकरी-चटणी खाल्ली, वर आणखी मागून घेतली.

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. भूक लागायची ती लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी. झोप लागायची ती कूस न बदलता. चेंबूरच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काउंटरवर बसायची, तिथल्या मुली म्हणायला लागल्या, "केसांना काय लावतेस गं?" ती म्हणायची, "काही नाही. आतून पुरवठा आहे." जिना चढताना दम लागत नव्हता. नवऱ्याच्या, प्रबुद्धच्या, फालतू विनोदांवरसुद्धा तिला हसू येत होतं, आणि हे सगळ्यात मोठं लक्षण होतं. डॉक्टर म्हणाल्या, "हे मधले महिने मजेचे. सगळं ठीक आहे. खा, फिर, नेहमीचं सगळं कर."

हे वाक्य चेतनाने झेललं, आणि तिच्या आईने ऐकलंच नाही.

आई म्हणजे चंपाबाई. गोवंडीला राहायच्या आणि लेकीला दिवस गेल्यापासून रोज रिक्षा करून चेंबूरला यायच्या. आल्या की पहिलं काम म्हणजे खिडकीचा पडदा ओढणं. मग चेतनाला सैल गाऊन घालायला लावायचा, पोटावर ओढणी आडवी टाकायची. कुणी आलं की, "ॲसिडिटी आहे तिला."

"आई, एवढी मोठी ॲसिडिटी?" चेतना म्हणायची.

"हसू नको. नजर लागते."

"विहारात बायकांना तूच शिकवतेस ना, नजरबिजर काही नसतं म्हणून?"

"विहारात नसते," चंपाबाई म्हणायच्या. "घरात असते."

यावर प्रबुद्ध पाण्याचा ग्लास तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून जायचा. मायलेकींच्या मध्ये पडायचं नाही, हे त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

चंपाबाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. गेल्या वर्षीही चेतनाला दिवस गेले होते. चंपाबाईंनी दुसऱ्याच महिन्यात विहारात पेढे वाटले होते. तिसऱ्यात सगळं संपलं. त्यानंतर पेढा खाल्लेली प्रत्येक बाई भेटली की विचारायची, आणि प्रत्येकीला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं. चेतना तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली. उत्तरं सगळी आईने दिली. तेव्हापासून चंपाबाईंच्या मनाने घेतलं होतं, की आनंद झाकून ठेवायचा. उघड्यावर ठेवला की तो नासतो.

चेतनाचं नेमकं उलटं झालं होतं. एकदा भांडणाच्या भरात ती आईला म्हणाली, "गेल्या वेळचं माझ्याकडे काय उरलं, सांग. पेढे वाटले तेवढेच दिवस उरले. मी खूश होते तेवढेच माझे. बाकीचं सगळं तर गेलंच. आणि तू मला या वेळी तेही नको म्हणतेस?"

चंपाबाईंनी तिच्या पोटावरची ओढणी सारखी केली. पडदाही ओढलेलाच राहिला.

आता या सगळ्यात कॅरम कुठून आला, तर तो पहिल्यापासून होताच. चेतनाचे वडील भाऊराव गिरणीतून सुटले की वस्तीतल्या मंडळात कॅरम खेळायचे. मंडळात मुलींना मज्जाव. म्हणून त्यांनी जुनापुराणा बोर्ड घरी आणला, त्याच्या खाली पत्र्याचा डबा ठेवला आणि लेकीला समोर बसवलं. भाऊराव गेले, पण लेकीच्या बोटात खेळ ठेवून गेले. घाटकोपरला पंतनगरातल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये दरवर्षी महिलांच्या स्पर्धा होत. तिथे दोन वर्षांपूर्वी चेतना दुसरी आली होती. गेल्या वर्षी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. या वर्षी तिने चौथ्या महिन्यात नाव दिलं, पाचव्यात पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्या, आणि येत्या रविवारी उपांत्य सामना होता.

घरी सराव करताना एक गंमत होत होती. दर आठवड्याला तिला खुर्ची थोडी मागे न्यावी लागत होती. पोट पुढे येत होतं आणि बोर्ड लांब जात होता. हात जास्त ताणावा लागायचा, नेम नव्याने बसवावा लागायचा. तिला त्याचाही राग येत नव्हता. एका संध्याकाळी अशीच वाकून ती राणीवर नेम धरून होती आणि आतून कुणीतरी हलकेच बोटाने उडवल्यासारखं झालं. स्ट्रायकर हातातच राहिला. तिने श्वास धरून वाट पाहिली. पुन्हा झालं. ती ओरडली, "प्रबुद्ध! आला! ब्रेक केला त्याने!" प्रबुद्ध धावत आला, पोटाला कान लावून बसला, त्याला काहीच कळलं नाही, तरी तो म्हणाला, "हो हो, झकास." चंपाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना बघायचं होतं आणि बघायची भीतीही वाटत होती. त्या आत गेल्या.

त्या रविवारी चंपाबाई स्वतःहून म्हणाल्या, "मी पण येते." रिक्षात त्यांनी ओढणीचं नावही काढलं नाही. चेतनाला वाटलं, आई बदलली. तिने मुद्दाम पिवळा, अंगासरसा बसणारा कुर्ता घातला होता. ओढणी नव्हती. पोट जसं होतं तसं, सगळ्यांसमोर.

हॉलमध्ये शिरल्यावर तिने फळ्याकडे पाहिलं. तिच्या सामन्यापुढे खडूने लिहिलं होतं: स्वरदा, मुलुंड. पुढे चाल.

म्हणजे समोरची खेळाडू आलीच नाही, स्वरदाला न खेळता जिंकू द्या. आणि न आलेली खेळाडू म्हणजे चेतना.

स्पर्धेचे सर्वेसर्वा विद्याधरकाका लगबगीने आले. बँकेतून निवृत्त झालेला, बोलायला गोड माणूस. "अगं चेतना, तू कशाला त्रास घेतलास? तुझ्या आईंचा परवा फोन आला होता. तब्येत बरी नाही, नाव काढा म्हणाल्या. आम्ही काढलं. या वेळी तब्येत महत्त्वाची."

चेतनाने आईकडे पाहिलं. चंपाबाई पंख्याकडे बघत होत्या.

"आई, तू?"

"हो, मी," चंपाबाई म्हणाल्या. "सगळा हॉल बघतो गं तुझ्या पोटाकडे. मला सहन नाही होत."

काकांना वाटलं, आपण प्रसंग सावरावा. त्यांनी माइक घेतला. "आपल्या मंडळाची गुणी खेळाडू, आणि लवकरच माता होणारी आपली भगिनी चेतना आज इथे आली आहे. मंडळातर्फे आपण तिचा शाल देऊन सत्कार करू या." कुणीतरी शाल आणली. ती स्पर्धा संपल्यावर कुण्या पाहुण्याला द्यायची होती, तिच्यावर अजून प्लास्टिक होतं. कडेला एक सोफा होता, त्यावरच्या बायका चटकन उठल्या. "बस बाई, टेकून बस." सगळ्यांच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं की कुणालाही बसावंसं वाटलं असतं.

चेतना बसली नाही. तिने काकांच्या हातातला माइक घेतला.

"काका, शाल नको. मी आजारी नाही आणि निवृत्तही झालेली नाही. मला माझी खुर्ची द्या."

मागून कुणीतरी "वा!" म्हटलं.

"अगं, पण नियम आहे," काका अडखळले. "एकदा पुढे चाल दिली की समोरच्या खेळाडूची हरकत नसेल तरच..."

सगळ्यांनी वळून स्वरदाकडे पाहिलं. मुलुंडची स्वरदा पावडरचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. बारीक, चष्मेवाली, खेळात फार कडक म्हणून प्रसिद्ध.

"काका, रविवारची झोप मोडून मी मुलुंडहून पुढे चाल घ्यायला आले का?" ती म्हणाली. मग चेतनाकडे वळून, "पण ऐक, मी दयाबिया दाखवणार नाही. उलट मीच एकटी खेळतेय दोघांशी."

"चालेल," चेतना म्हणाली. "त्याला अजून नियम माहीत नाहीत."

पहिला गेम चेतनाने घाईत घालवला. राग बोटात उतरला होता. शिवाय एका डावाला तिने खुर्ची सवयीने नेहमीच्या जागी ओढली आणि डाव चालू असताना खुर्ची हलवता येत नाही. लांबच्या सोंगटीसाठी ती वाकली, पोट फ्रेमला टेकलं, बोर्ड थरारला आणि पॉकेटच्या तोंडाशी लटकलेली सोंगटी आत पडली.

"बोर्ड हलला," स्वरदा म्हणाली.

"हलला. माझं पोट लागलं," चेतनाने लगेच कबूल केलं. पंच बाईंनी फाऊल दिला. बघणाऱ्या बायकांत कुजबूज झाली. चंपाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या गेमला चेतना मागे बसली. घरच्यासारखी, हात पूर्ण लांब करून. इतक्या लांबून कुणी खेळत नाही. स्वरदाला तिच्या कटांचा अंदाजच येईना. सोंगट्या कडेकडेने जाऊन पॉकेटात पडू लागल्या. राणी आणि तिचं कव्हर एकापाठोपाठ एक गेलं, तेव्हा ज्या सोफ्यावर चेतनाला बसवणार होते त्या सोफ्यावरच्या बायका उठून बोर्डाभोवती आल्या. दुसरा गेम चेतनाचा.

तिसरा शेवटापर्यंत ओढला गेला. स्वरदाच्या दोन सोंगट्या उरलेल्या, चेतनाच्या तीन. चेतना नेम धरून वाकली. तिने टिचकी मारली, सोंगटी गेली.

"एक मिनिट," स्वरदाने हात वर केला. "परत लागलं पोट. मला हललेलं दिसलं."

पंच बाईंनी चेतनाकडे पाहिलं. पोट लागलं का, ते चेतनाला स्वतःलाही कळलं नव्हतं. तिचं सगळं ध्यान बोटात होतं.

"नाही लागलं!"

चंपाबाई उभ्या होत्या. पर्स खाली पडलेली, पदर खांद्यावरून सुटलेला. "काहून खोटं बोलता, बाई? मी मघापासून डोळे लावून बसलेय. बोर्ड नाही हलला, पोट हललं. आतून! ते आत फिरलं, मला कुर्त्यावरून दिसलं!"

हॉलमध्ये आधी हसू फुटलं. मग सगळ्याजणी एकदम चेतनाच्या पोटाकडे बघायला लागल्या, उघड उघड, माना वाकवून. आणि जणू वाटच बघत असल्यासारखा पिवळ्या कुर्त्याचा एक कोपरा वर उचलला गेला.

"अगं माय," चंपाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

स्वरदाने चष्मा काढून पुसला. "मान्य. फाऊल नाही," ती म्हणाली. "खेळ पुढे."

खेळ पुढे गेला आणि चेतना हरली. पुढची सोंगटी पॉकेटच्या कानाला लागून परत आली आणि स्वरदाने तिच्या दोन्ही सोंगट्या सफाईने उचलल्या. दया दाखवणार नाही म्हणाली होती, नाही दाखवली. चेतनाने उठून तिचा हात हातात घेतला, दोघींच्या बोटांना पावडर होती. हरल्याचं वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण ते वाईट वाटणंही तिचं स्वतःचं होतं. सोफ्यावर बसून मिळालेलं नव्हतं.

बाहेर पडताना दारातल्या एका बाईने चंपाबाईंना विचारलं, "कितवा हो लेकीला?"

चंपाबाईंच्या तोंडात "ॲसिडिटी" येऊन थांबलं असणार. त्यांनी एकदा चेतनाकडे पाहिलं.

"पाचवा," त्या म्हणाल्या. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा होता. "संपत आलाय."

रस्त्यावर आल्यावर चेतनाने काकडीवाल्याकडून मीठ-तिखट लावलेली काकडी घेतली आणि तिथेच खायला लागली. चंपाबाईंनी रिक्षासाठी हात केला नाही. लेकीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"माझी भीती गेलेली नाही, सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "आज रात्रीसुद्धा झोप नाही लागायची मला."

"असू दे ना भीती. मलापण आहे."

"तुला?"

"मग काय! रोज सकाळी उठले की पहिलं तेच. मग भूक लागते." चेतनाने अर्धी काकडी आईपुढे धरली. "पुढच्या रविवारी तिसऱ्या नंबरची मॅच आहे. यायचं तर ये, नाही यायचं तर नको येऊस. पण काकांना फोन करायचा नाही."

चंपाबाईंनी काकडी घेतली. "किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.