भाऊचा डावा हात

चाकणच्या चौकात अडकलो तेव्हा बायको म्हणाली, रिटायर झालेला माणूससुद्धा पहिल्या शिफ्टच्या गर्दीतच सापडावा, याला नशीब लागतं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मधल्या फटीतून कंपनीची पोरं दुचाक्या घालत चाललेली. याच चौकातून मी वर्षानुवर्षं कंपनीच्या बसमध्ये घोरत गेलो. तेव्हा हा ट्रॅफिक मला झोपेचा बोनस वाटायचा. आता स्टिअरिंग माझ्या हातात होतं, म्हणून शिव्या देत होतो.

बायको मागच्या सीटवर बसली होती, तीही बरोबर माझ्या पाठीमागे. बघणाऱ्याला वाटतं आमचं भांडण झालंय. कारण साधं आहे, माझा डावा कान कामातून गेला आहे. चाकणच्या आधी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या दणक्यात माझी जवानी गेली, त्याची ही भेट. शेजारी बसून ती काही बोलली तर मला ऐकू येत नाही, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा उठवतो असा तिचा आरोप आहे. म्हणून ती मागे बसते आणि उजव्या कानाच्या रोखाने बोलते. त्या दिवशी राजगुरुनगर येईपर्यंत तिचं बोलणं एकाच गोष्टीवर चाललं होतं. भाऊकडे जायचं की नाही?

निवृत्तीनंतर लोक चारधाम करतात. मला तसली हौस नाही. ज्यांच्या आधाराने आपण उभे राहिलो त्यांना एकदा सवडीने भेटून यावं, एवढाच माझा बेत होता. सिन्नरला थोरली बहीण, म्हणजे आक्का. तिथून वर शिरपूरच्या पुढे भाऊचं गाव. आणि जमलंच तर इंदूरला बायकोचा मामेभाऊ. नोकरीत असताना या सगळ्यांची भेट म्हणजे कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकायच्या, पंगतीत जेवायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. बसून बोलणं असं कधी झालंच नाही.

भाऊ हा माझा सख्खा भाऊ नव्हे. भोसरीत मी नवा आलो तेव्हा ज्याने आपल्या खोलीत मला जागा दिली, तो हा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, अख्खं शॉप त्याला भाऊच म्हणायचं. बायको-मुलं गावाकडे, आणि हा इथे पत्र्याच्या खोलीत. घरमालकीण जुन्या गावातली, कडक बाई. ती मला तोंडावर सांगायची, "ह्यो हाय म्हून तुला ठिवलाय, न्हाई तर कवाच हाकलला असता." मला प्रेस चालवायला भाऊने शिकवलं. माझ्या हातांची दहाही बोटं आज शाबूत आहेत, ती त्याच्यामुळे. पुढे ते शॉप बंद पडलं, मी चाकणला लागलो आणि भाऊ गावी जाऊन शेती बघायला लागला. दिवाळीला फोन व्हायचा.

यंदा फोन भाऊच्या मुलाने उचलला. भाऊला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी येतो म्हणालो तर मुलगा चाचरत म्हणाला, "काका, आला तर आनंदच आहे. पण बाबा आता माणूस बघून रडतात. आणि जेवत नाहीत. आईने घास पुढे केला की तिलाच झटकून देतात." डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. घरातले सगळे त्या नळीच्या धास्तीत होते.

तेव्हा बायकोचं म्हणणं असं, की त्या घरात आधीच एवढं चाललंय, त्यात आपण पाहुणे म्हणून कशाला जायचं? तो रडेल, तुम्ही रडाल, आणि त्या बाईला आपल्यासाठी चूल पेटवावी लागेल. बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. मी डावा कान पुढे केला आणि नारायणगावपर्यंत काही ऐकलं नाही.

आक्काकडे पोचलो तर ती ओट्यावर वाट बघत उभीच होती. सत्तरी उलटली तरी माझ्या ताटात तिसरी भाकरी न विचारता टाकायचा हक्क तिने सोडलेला नाही. भोसरीच्या दिवसांत ती एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवायची, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी, दोघांना पुरेल एवढ्या. भाऊला तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तरी डबा कायम दोघांचा. मी तिला सगळं सांगितलं, बायकोनेही आपली बाजू मांडली. आक्काने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाय तू. त्यांनी हाकललं तर माघारी ये. पण न जाता नको राहू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. चांदवड मागे पडलं, मालेगाव गेलं, धुळ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चाललेली दिसायला लागली. तापीच्या पुलावर बायकोने गाडी थांबवायला लावली. मला वाटलं पाण्याला नमस्कार करायचा असेल. ती उतरली, पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. बोलायचं नसलं की ती पुढे बसते. भीती मलाही वाटत होती. भाऊने मला ओळखलंच नाही तर? किंवा ओळखलं, आणि मलाही झटकून दिलं तर?

पोचायला जेवणाची वेळ झाली. घर साधं, नीटनेटकं. ओसरीला लागून असलेल्या खोलीत भाऊ पलंगावर टेकून बसला होता. केवढा धिप्पाड गडी, तो निम्मा झाला होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा एका बाजूने गोळा झाला, डोळ्यांतून पाणी आलं. ओळखलं होतं. मी त्याच्याजवळ बसलो आणि त्याचा डावा हात धरून बराच वेळ नुसता रडलो. बायको मला सांगत होतीच की रडाल, आणि आता माझ्या पाठीमागे तीच हुंदके देत होती.

वहिनी मात्र रडल्या नाहीत. कामात होत्या. हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या, इतक्या त्या वाळल्या होत्या. त्यांनी वाटीत वरण-भात मऊ कालवून आणला आणि चमचा भाऊच्या तोंडाशी नेला. आणि मग ते झालं, जे मुलगा फोनवर सांगत होता. भाऊने मान फिरवली. डावा हात छातीवर दोनदा आपटला, बोटं जुळवून तोंडाकडे नेली, आणि पंजा वहिनींच्या दिशेने जोरात झटकला. चमचा खाली पडला.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "मी समोर नको झाले त्यांना."

मुलगा मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगायला लागला. रोज दोन्ही वेळा हेच. छातीवर हात मारतात म्हणून ईसीजी काढून आणला, तो चांगला निघाला. मग वाटलं, अन्नच नको म्हणत असतील. आई निघून गेली आणि मी भरवायला बसलो की चार घास घेतात, तेही दाराकडे बघत बघत. आईने मनाला फार लावून घेतलंय. एवढी वर्षं तिने इथे शेत आणि मुलं सांभाळली, हे भोसरीला एकटे राहिले, त्याचा राग आता बाहेर पडतोय असं तिला वाटतं.

तो बोलत होता आणि माझं लक्ष भाऊच्या हाताकडे होतं. त्याने पुन्हा तेच केलं. छाती, तोंड, झटका. आणि माझा हात माझ्याही नकळत वर गेला.

आमच्या शॉपमध्ये ओळीने पॉवर प्रेस होत्या. एकेक दणका असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. तेव्हा आम्ही सगळे हातांनी बोलायचो. कुणी शिकवलं नाही, कुठे लिहिलं नाही. पत्रा संपला, डाय, म्हणजे साचा, सैल झाली, साहेब आला, सगळ्याला हात, म्हणजे हाताची खूण होती. शॉपच्या बाहेर पडलो की तोंडं सुरू व्हायची, मग हातांची गरजच नसे. त्यामुळे घरच्यांना हे कधी दिसलंच नाही. आमच्या बायकोलाही नाही.

आणि जेवणाचा एक हात होता. मशीन बंद ठेवून जेवायला जायची सोय नव्हती. शेजारच्या दोघांपैकी एकाने दोन्ही प्रेस सांभाळायच्या, दुसऱ्याने कँटीनला पळायचं. माझ्या शेजारी भाऊ. तो रोज छातीवर हात मारायचा, म्हणजे मी इथे आहे. बोटं तोंडाला, म्हणजे जेवण. आणि पंजा झटकायचा, म्हणजे नीघ लवकर. मी आहे, तू जेवून ये. कँटीनमध्ये मागून जाणाऱ्याला डाळीचं पाणी आणि गार पोळी मिळायची. मी त्या शॉपमध्ये होतो तोवर भाऊने एकदाही मला मागून जाऊ दिलं नाही.

मी भाऊकडे बोट केलं आणि मनगट उलटं फिरवलं. तुझं काय? त्याने डाव्या हाताचं एक बोट हवेत गोल फिरवलं. मी मग. चेहऱ्याची चालणारी बाजू हसली. आम्ही दोघे परत त्या दणक्यात उभे होतो, आणि मला वाटलं, देवा, हे मला आठवत राहिलं म्हणून तुझे उपकार. इतक्या वर्षांत मी एवढा मनापासून कुणाचा आभारी झालो नव्हतो.

मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मी म्हणालो, तुम्ही रोज केव्हा जेवता? त्या म्हणाल्या, ही काय विचारायची गोष्ट झाली? हे जेवल्यावर. आणि हे जेवले नाहीत तर? त्या खाली पडलेला चमचा उचलायला वाकल्या. मुलाने सांगितलं, मग आई पण तशीच उठते. पलंगावरून भाऊला ते रोज दिसत होतं. तो तिला जेव म्हणत होता, ती त्याच्यासाठी थांबत होती, आणि दोघांच्याही पोटात काही जात नव्हतं. घरातल्या लोकांना तो झटकून देतोय असं दिसत होतं, आणि तो बिचारा कधीपासून आग्रह करत होता.

"मी यांच्या आधी कधी जेवले नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मात्र फुटला. "लग्न झाल्यापासून नाही. मला ते जमायचं नाही."

भाऊने पुन्हा छातीवर हात मारला. या वेळी हळू.

मग आमच्या बायकोने, जी इथे यायलाच तयार नव्हती, स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढून आणलं. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल. तिने ताट पलंगासमोर जमिनीवर ठेवलं, पाट मांडला आणि वहिनींना खांद्याला धरून बसवलं. वहिनींनी पदर पुढे ओढला. पहिला घास हातात धरून त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. नवऱ्यासमोर एकटीने जेवायचं, तेही पाहुण्यांच्या देखत, म्हणून नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या. मग त्यांनी तो तोंडात घातला. दुसरा घातला. डोळ्यांतलं पाणी भरतात पडत होतं आणि त्या जेवत होत्या, आणि भाऊ पलंगावरून त्यांचा एकेक घास बघत होता. मुलगा दाराला टेकून उभा होता. त्याने तोंडावर हात धरला होता.

भाकरी संपली. वहिनी उठल्या, हात धुतले आणि पदराला पुसले. वरण-भाताची वाटी घेऊन त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"जेवले मी," त्या म्हणाल्या.

भाऊने तोंड उघडलं.