तुरीची काडी

आमचा पेट्रोलवरचा जुना छोटा ट्रक पुसेगावच्या रस्त्यावर एका पुलाजवळ हमखास बंद पडायचा. वडील त्यातून बाजाराला भाजी न्यायचे. पेट्रोलचा काटा कधीच मेला होता, म्हणून ते उतरून सीटखालच्या टाकीचं झाकण उघडायचे, तुरीची काडी आत बुडवायचे आणि किती ओली झाली ते बघायचे. मग गाडी सुरू व्हायची. "इचारपूस केली की चालते," असं म्हणायचे. मला भयंकर राग यायचा. बॉनेटमध्ये डोकं घालून घाम मी गाळायचे आणि श्रेय काडीला!

गाडीची कामं मी त्यांच्याकडूनच शिकले, पण शिकल्यावर त्यांचंच ऐकेनाशी झाले. कार्बोरेटर तीनदा खोलून साफ केला, फिल्टर बदलला, पंप नवा टाकला. दारात गाडी शहाण्यासारखी चालायची, रस्त्यावर पुन्हा तेच. शेवटी सेनगावच्या भंगारवाल्याला सोमवारी गाडी न्यायला यायला सांगितलं. रविवारी सकाळी वडिलांनी गाडी घासूनपुसून धुतली.

"बाबा, शेवटची एक चक्कर मारू," मी म्हटलं आणि स्वतः चालवायला बसले.

पुलाजवळ गाडी बंद पडली. मी चिडून पंपाकडे येणारी नळी काढली, तर पेट्रोल नुसतं ठिबकत होतं. तिकडे वडिलांनी सीटमागची काडी हातात घेऊन टाकीचं झाकण फिरवून उघडलं. टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली आणि माझ्या हातातल्या नळीतून धार लागली.

मी झाकण घेऊन उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबची गोल चकती होती, कात्रीनं सुबक कापलेली. ती मीच बसवली होती. सोयाबीनच्या मळणीत भुसा टाकीत जाऊ नये म्हणून! झाकणाला हवेसाठी असतं ते बारीक भोक तिनं बुजलं होतं. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यायला वाटच नव्हती. वडील झाकण उघडायचे, तेवढ्यानं टाकी मोकळी व्हायची. आणि मी इतके महिने त्यांच्या काडीवर चिडत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हे म्या केलं."

त्यांनी चकती बोटांत फिरवून पाहिली. "तरी म्हन्लं, मळणीपासून काहून रुसून राहिली. चल, बघू."

चकती काढून, नळी जोडून आम्ही निघालो. पूल मागे पडला, पुसेगावची घरं आली, तिथून वळून पुन्हा तोच पूल मागे पडला. वडील काडी दोन्ही हातांनी धरून बसले होते, आत्ता उतरावं लागेल अशा तयारीनं. उतरले ते थेट दारात.

त्यांनी काडी सीटमागे खोवली. "त्या भंगारवाल्याला फोन लाव. म्हनाव, येऊ नको, गाडी कामात हाय."

मी नंबर शोधू लागले, तसे ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चकतीचं सांगू नको त्याला. घरातली गोष्ट हाय."