डब्यावरचं शेवटचं अक्षर

भिवंडीजवळ काल्हेरला रंगाच्या गोडाऊनमध्ये मला कामाला लागून सात वर्षं झाली. हे रंग घराच्या भिंतींचे नव्हेत. टाक्या, पाइप, कारखान्यातलं लोखंड यांना लावायचे. त्यातला बराच माल जोडीनं येतो. एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारं औषध. कुठल्या रंगाला कुठलं हार्डनर हे कंपनी ठरवते आणि ते डब्यावरच्या कोडावरून कळतं.

मला आधी यातलं काहीच कळत नव्हतं. मी नववीपर्यंत शिकलेली. जवळच्या वळ गावात सासर, तिथून पॅकिंगच्या कामाला यायची. इंग्रजी अक्षरं ओळखीची होती, पण अकरा अक्षरं आणि आकडे एका ओळीत दिसले की डोळ्यांपुढे मुंग्या चालायच्या.

आमचे स्टोअरकीपर भिवंडीतल्या जुन्या लूमवाल्यांच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एकदा मी डबा हातात धरून नुसती उभी होते, ते त्यांनी पाहिलं.

"अख्खा नंबर एकदम वाचू नको, ताई," ते म्हणाले. "तुकडे पाड. पहिली दोन अक्षरं म्हणजे रंगाची जात. मधले आकडे शेडचे. मग डबा रंगाचा की हार्डनरचा ते. आणि शेवटचं अक्षर काम सांगतं. टी असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी, एस असेल तर साधं लोखंड."

"आणि ही खालची ओळ?"

"तो बॅच नंबर. वरची ओळ सांगते हा कोण आहे, खालची सांगते पैदा कब हुआ."

घरी जाऊन मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोड उतरवून काढायला लागले. भाकऱ्या झाल्या की तेच. सासूबाई विचारायच्या, "आता कसला अभ्यास करतेस?"

"डब्यांची नावं पाठ करते."

"डब्यांना कुठं नावं असतात?" असं म्हणून त्या हसायच्या, पण पाट मात्र माझ्यासाठी खिडकीपाशी सरकवून ठेवायच्या.

दोन वर्षांत मला लेबल सरळ वाचता यायला लागलं. तरी माझं काम पॅकिंगचंच होतं. माल तपासून सही करायची ती चाचांनी.

मागच्या वर्षी चाचा पुतणीच्या लग्नासाठी रजेवर होते, तेव्हाची गोष्ट. पडघ्याच्या पुढच्या एका गावात पिण्याच्या पाण्याची नवी टाकी बांधली होती, तिच्या आतल्या रंगाची ऑर्डर होती. दुपारी ट्रक लागला. स्कॅनरनं प्रत्येक डब्याला हिरवा दिवा दिला. हार्डनरचे डबे मी एकेक करून ट्रॉलीवर ठेवत होते. सवयीनं छापील कोडावर नजर गेली. शेवटचं अक्षर एस होतं. त्याच्या वरच्या बाजूला आम्ही गोडाऊनमध्ये चिकटवलेलं स्टिकर होतं, त्यावर टी. दुसरा डबा पाहिला, तिसरा पाहिला. सगळे तसेच.

मी ट्रॉली थांबवली आणि मॅनेजरसरांना बोलावलं. ते वयानं माझ्याहून लहान, पण माणूस ऐकून घेणारा.

"ताई, स्कॅनर ओके म्हणतोय," ते म्हणाले.

"सर, स्कॅनर आपलं स्टिकर वाचतो. कंपनीनं डब्यावर काय छापलंय ते तो वाचत न्हाय."

ड्रायव्हर खाली उतरला. "दीदी, वहाँ आदमी लोग मचान बाँधके बैठे हैं. निकलने दो ना."

"न्हाय भाऊ," मी म्हणाले. "हे पाण्याच्या टाकीचं न्हाय."

सरांनी डब्याचा फोटो कंपनीला पाठवला. उत्तर यायला अर्धा तास लागला असेल. तोवर मी फळीवर बसून होते. मी चुकले असेन तर ट्रक फुकट थांबवला, हे सगळ्यांना दिसणार होतं. पण कोड डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि तो मी बरोबरच वाचला होता.

फोन आला. सर बराच वेळ ऐकत राहिले, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई बरोबर आहेत. हे हार्डनर पिण्याच्या पाण्याला चालतच नाही. माल उतरवा."

शोधल्यावर टीचे डबे मागच्या रॅकमध्ये सापडले, त्यांच्यावर एसची स्टिकरं. माल आला त्या दिवशी दोन थप्प्यांची अदलाबदल झाली होती. ती स्टिकरं चिकटवणाऱ्यांत मीही होते. हे कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून सरांना सांगितलं.

ते म्हणाले, "मग आजपासून छापील कोड वाचल्याशिवाय एकही डबा गाडीत चढणार नाही. आणि तो तुम्ही वाचायचा."

बरोबर डबे घेऊन ट्रक उजेड असतानाच निघाला.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी दारावर आलेल्या भाजीवालीला त्या सांगत होत्या, "आमची सून वाचते म्हणून त्या गावाचं पाणी चांगलं हाय." आत चहा गाळता गाळता मी ते ऐकलं आणि गाळणी हातात तशीच राहिली.

चाचा रजेवरून आले. माझ्याकडून सगळं ऐकल्यावर त्यांनी मालाच्या कागदावरच्या 'तपासले' या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं आता तू," एवढंच बोलले आणि पेन पुढे केलं.

मी सही मराठीत करते, आडनावासकट पूर्ण नाव. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, घाई करतात. मी शेवटच्या डब्यापर्यंत वाचत जाते.