तलाव झिरपतो, हे आधी सांगायचं

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात माझी पीएचडी फ्रान्समधल्या एका पोहण्याच्या तलावात अडकली होती. मी स्वतः पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात होते. मला पोहता येत नाही.

तलाव माझ्या गाईडचा होता. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला एका खेड्यात त्यांनी आणि त्यांच्या बायकोने एक पडकं शेतघर घेतलं आणि पंधरा उन्हाळे खपून ते राहण्याजोगं केलं. गोठ्याची बैठकीची खोली झाली, भाजीच्या वाफ्यांच्या जागी तलाव झाला. आता बाईंचे गुडघे कुरकुरू लागले होते, विमानात तासन् तास बसणं झेपत नव्हतं, म्हणून घर विकायचं ठरलं. ते विकलं जाईपर्यंत गाईडचं दुसऱ्या कशातही लक्ष लागत नव्हतं. माझ्या थिसिसचं तिसरं आणि चौथं प्रकरण मार्चपासून त्यांच्या टेबलावर पडून होतं.

ऑगस्टअखेर मला अ‍ॅशबर्नला नोकरीवर हजर व्हायचं होतं. गाईडच्या सहीचा फॉर्म नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर नागपूरला परत जाऊन आईच्या मैत्रिणींना उत्तरं द्यायची. यातलं तिसरं मला सगळ्यात भयंकर वाटायचं.

पण गाईडला आठवण करून देणं सोपं नव्हतं. तिथे सगळे प्रोफेसरांना नावाने हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही, म्हणून पाच वर्षं मी त्यांना हाकच मारली नाही. ते वर बघेपर्यंत दारात उभी राहायचे. त्या उन्हाळ्यात ते वर बघत नव्हते.

मे महिन्यात त्यांच्या बायकोने मला जेवायला बोलावलं. बाईंना मी मनातल्या मनात काकू म्हणायचे. सूप संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला वेबपेज करता येतं ना? घराची जाहिरात टाकायची आहे." मी मातीतून पाणी कसं झिरपतं यावर संशोधन करत होते, पण चेहरा भारतीय असला की वेबपेज येतंच, अशी त्या गावाची समजूत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी हो म्हटलं.

फोटो काकूंनी दिले, माहिती गाईडकडून घ्यायची होती. मी वही घेऊन बसले आणि मला जी एकच पद्धत ठाऊक होती तिने सुरुवात केली. माझी मावशी नागपुरात लग्नं जुळवायची. तिचा नियम होता, स्थळ सांगताना दोष आधी सांगायचा. मुलीला चष्मा असेल तर पहिल्या वाक्यात चष्मा, मग शिक्षण. दोष मागाहून कळला की लोक गुणसुद्धा खोटे धरतात. म्हणून मी गाईडना विचारलं, "घरात काही व्यंग?"

ते दोन तास बोलले. पाच वर्षांत माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. मी भराभर लिहून घेतलं, आणि माणूस किती सरळ आहे असं वाटून त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

जाहिरात साधारण अशी झाली. तलाव झिरपतो, वरचेवर पाणी सोडावं लागतं. तो घराच्या उत्तरेला, सावलीत असल्याने जुलै सोडून पाणी गार असतं. त्यात बेडूक पडतात, ते मालकाने रोज सकाळी चाळणीने काढायचे असतात. दाराची चौकट बुटकी आहे, उंच माणसाने विचार करावा. चर्चची घंटा दर तासाला तेवढेच टोले दोनदा देते, दुसऱ्यांदा का ते गावात कुणी सांगू शकत नाही. शेजारी चांगले आहेत, त्यांचे कुत्रे चांगले नाहीत. घर सुंदर आहे.

झिरपण्याबद्दल ज्यांचा शब्द जगात शेवटचा मानला जायचा, त्यांचाच तलाव झिरपतो, याचं मला हसू आलं होतं. ते मी जाहिरातीत घातलं नाही. तेवढा पोच मला होता.

माझी रूममेट पुण्याची. तिने स्क्रीनवर वाचलं आणि म्हणाली, "अगं, ही ॲड आहे की एफआयआर? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, यार. थोडं तरी एडिट कर!" मी तिला म्हटलं, आमच्या घरात फसवून काही खपवत नाहीत. ती म्हणाली, "मग खपणारच नाही." यावरून आम्ही दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही.

सहा आठवड्यांत एक ईमेल आली. कुणा गृहस्थांना बेडूक नेमक्या कोणत्या जातीचे आहेत ते हवं होतं. घर नको होतं.

जुलैच्या सुरुवातीला काकूंनी ते पान पहिल्यांदा उघडलं. चष्मा लावून सगळं वाचलं. मी शेजारी उभी होते.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"कुत्र्यांचंसुद्धा?"

"हो."

"ते कुत्रे त्याचे जिवलग आहेत. तिथे असला की रोज सकाळी पाव घेऊन जातो त्यांच्यासाठी." काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. परसात गाईड पाण्याचा पाइप हातात धरून उभे होते. नळ बंद होता. "त्याला घर विकायचंच नाहीये," त्या म्हणाल्या.

मला कानकोंडं झालं. मावशीने मला व्यंग विचारायला शिकवलं होतं. बापाला मुलगी द्यायची नसली की तोही व्यंगच सांगत बसतो, हे शिकवलं नव्हतं.

"मला आता तिथवरचा प्रवास झेपत नाही, आणि माझ्याशिवाय तो जाणार नाही," काकू म्हणाल्या. "मग दर उन्हाळ्यात इथे बसून तिथल्या तलावाच्या पंपाची काळजी करणार. मला ते बघायचं नाहीये. तू ते पान बदल."

मी त्याच दुपारी बदललं. त्या दोघांच्या भल्यासाठी बदललं असं सांगायला मला आवडेल. मी ते सहीसाठी बदललं. गार पाण्याचं 'झऱ्यासारखं शीतल' झालं, बेडकांचा 'निसर्गाचा सहवास' झाला, घंटेला जुन्या काळाची साद म्हटलं. झिरपणं मी 'थोडी देखभाल आवश्यक' यात बसवलं आणि त्या रात्री मावशीला फोन करायचं टाळलं. रूममेटने वाचून माझी पाठ थोपटली.

तीन आठवड्यांत एका डच जोडप्याने जाऊन घर बघितलं आणि पक्कं केलं. डच लोक फार उंच असतात, हे मला नंतर कळलं.

गाईडनी दोन्ही प्रकरणं दोन दिवसांत वाचली. एकूण अकरा शेरे होते, सगळे बरोबर. डिफेन्सची तोंडी परीक्षा झाली, बाकीच्या परीक्षकांच्या सह्या झाल्या. त्यांची राहिली. ते म्हणाले, "त्याआधी एवढं टाइप करून दे," आणि हाताने लिहिलेली चौदा पानं माझ्यापुढे ठेवली. नव्या मालकांसाठी सूचना होत्या. कोणती किल्ली उलटी फिरते, पंप सुरू करण्याआधी त्याला किती वेळ द्यायचा, पाव देताना डावीकडच्या कुत्र्याला आधी द्या नाहीतर तो रुसतो. शेवटची ओळ होती, 'पंप बंद पडला तर कधीही फोन करा. मी येईन.'

टाइप केलेली पानं आधी काकूंनी बघितली, कारण त्यांत फोटो घालायचे होते. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही काढ," त्या म्हणाल्या. "नाहीतर ते फोन करतील आणि तो खरंच जाईल."

मी काढली.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलेली पानं आणि माझा फॉर्म असं दोन्ही घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी सगळं सावकाश वाचलं. शेवटचं पान दोनदा वाचलं. उलटून मागची बाजू बघितली, ती कोरी होती. मग माझ्याकडे पेन मागितलं. मला वाटलं ती ओळ आता हाताने लिहितील, आणि मला अगदी मनापासून वाटलं की लिहावी. त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला आणि सही केली.