बाबांचा विषय

आमच्या नागभीडकडे समाज म्हणजे जात. समाजाची बैठक, समाजाचं जेवण, समाजाबाहेरची सून, एवढाच त्या शब्दाचा पसारा. त्यामुळे मला समाजशास्त्र घेऊन बी.ए. व्हायचंय म्हटल्यावर बाबा चक्क खुलले. पोरगी आपल्या जातीचं शास्त्र शिकेल, चारचौघांत आपलं वजन वाढेल! मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. केली असती तर चिमूरचं स्थळ तयारच होतं. ते मला बघायला आलं तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या बैलांकडेच जास्त वेळ बघत होतं.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. हा विषय शिकायचा तर नागपूर गाठायला हवं. नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आम्ही दोघं गेलो.

पहिल्या कॉलेजातले प्राध्यापक भले गृहस्थ. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबांनी विचारलं, "तुमच्या इथी कोनता समाज शिकवता जी?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "सगळ्यांचाच. तुमचा, माझा, जंगलातल्या गोंडांचाही."

मला तिथेच नाव घालायचं होतं. फाटकाबाहेर आल्यावर बाबा पचकन थुंकले. "सगळ्याईचा म्हंजे कोनाचाच नाई. इथी नाई टाकत तुले."

दुसऱ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी बसासुद्धा म्हटलं नाही. त्यांच्या टेबलाभोवती त्यांचे लाडके विद्यार्थी होते. बाबांनी उभ्यानेच तोच प्रश्न केला.

"आपला कोणता?"

बाबांनी छाती काढून जात सांगितली, पोटजात सांगितली, सोयरिकी कुठवर जातात तेही सांगितलं. प्राध्यापक गालातल्या गालात हसत "अस्सं? आणि पुढे?" करत राहिले. पोरांचे खांदे हलत होते. शेवटी ते म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतःच आमचा विषय आहात! तुम्हाला वर्गात नुसतं उभं केलं तरी माझं वर्षभराचं काम होईल."

बाबांनी हात जोडले. डोळे भरून आले त्यांचे.

"मानूस पारखी हाये," जिना उतरताना ते म्हणाले. "इथीच शिकजो, माय."

खरं काय ते सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे चिमूर. मी "हो" म्हटलं. त्या माणसाचा मला असा संताप आला होता की त्यात बाबांचाही आला. एवढी उघड थट्टा कळू नये माणसाला? गावी परतल्यावर तर त्यांनी घरोघरी सांगितलं, नागपूरच्या मास्तरनं मले विषय म्हनलं.

कॉलेज सुरू झालं. पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी "कोनता समाज शिकवता जी?" म्हणून दाखवलं, बाबांसारखी छाती काढून, हुबेहूब बाबांच्या आवाजात. वर्ग हसून लोटपोट झाला. मी दुसऱ्या बाकावर होते. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं आणि पुन्हा एकदा करून दाखवलं.

दिवाळीला घरी गेले. बाबांनी शेजारच्या दोघांना मुद्दाम ओसरीवर बोलावून बसवलं होतं.

"काऊन माय, वर्गात माहा विषय निघते का नाई?"

"निघते. पयल्याच दिवशी निघाला."

बाबांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. मग जरा पुढे सरकून विचारलं, "पोट्टे आयकतेत का मन लावून?"

"आयकतेत, बाबा. आनखी एकदा सांगा म्हनतेत."