कुडव्याच्या कुसुमबाईंची रंजिता

कुडव्याच्या कुसुमबाई मेश्राम एका राईस मिलमध्ये तांदूळ पाखडायला जायच्या. नवरा लवकर गेला, तरी एकुलत्या एक लेकीचं, रंजिताचं शिक्षण त्यांनी सुटू दिलं नाही. पोरगी तल्लख निघाली. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ती बंगळूरला उपग्रहांच्या कॅमेऱ्यांवर काम करू लागली.

२०११ साली जर्मनीतल्या एका संस्थेनं तिला बोलावलं. तिनं आईला फोन लावला.

"माय, तिथं पगार मोठा आहे. पण इथले साहेब म्हणून राहिले, थांब, आपला कॅमेरा आपणच बनवू."

"तुह्याबिगर इथलं काम अडते का?"

"अडते."

"मंग कायले इचारून राहिली?"

रंजिता थांबली. तिनं देशभरातून हुशार पोरं-पोरी जमवली आणि एरवी बाहेरून आणावा लागणारा कॅमेरा इथंच घडवला. तो पाहायला परदेशी शास्त्रज्ञ येऊ लागले.

पुढं तो उपग्रहासोबत अवकाशात गेला, आणि सुट्टीत घरी आल्यावर तिनं आईपुढं एक फोटो ठेवला. अवकाशातून टिपलेलं जिल्ह्यातल्या बोदलकसा तलावाचं पाणी आणि भोवती हिरव्यागार धानाच्या बांध्या. कुसुमबाईंनी दारातूनच शेजारणींना हाक घातली.

"या वं, पहा! माह्या पोरीच्या कॅमेऱ्यानं आभाळातून आपला जिल्हा पाह्यला!"