मंजुळाचा नंबर

"हा फोटो मी नाय काढला," रंजना म्हणाली.

पडद्यावर दाभोसा गावच्या एका झऱ्याचा फोटो होता. पाण्यावर फोटो काढणाऱ्या बाईची सावली पडलेली, अंबाडा घातलेली. शेजारी तारीख दोन वर्षांपूर्वीची. आणि मालकाच्या रकान्यात नाव होतं रंजनाचं. तिला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता, आणि केस खांद्यापर्यंतही नव्हते.

मी जव्हारला राहते आणि वेबसाइट बनवते. पाड्यांवरचे झरे नोंदवणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम होतं. कार्यकर्ते झऱ्यांचे फोटो काढून ऑफिसच्या सर्व्हरवर टाकतात. त्या फोटोंची यादी दाखवणारं एक पान मी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं होतं. फोटोत काय आहे ते वेगळं, आणि फोटोबद्दल मशीनला काय ठाऊक आहे ते वेगळं. फाइल केवढी, शेवटची कधी बदलली, कोणाची. या दुसऱ्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. ती मागायला पीएचपीत तयार फंक्शन्स असतात. मी ती वापरली होती, एवढंच.

मी यादी खाली सरकवली. त्या भागातले जुने सगळे फोटो रंजनाच्या नावावर.

"बाई," संस्थेचे प्रमुख भोये सर हळूच म्हणाले, "हे मंजुळाचे फोटो आहेत."

मंजुळा म्हणजे रंजनाच्या आधी त्याच पाड्यांवर फिरणारी कार्यकर्ती. मागच्या पावसाळ्यात साप चावून गेली. भरदुपारी धुकं खिडकीला टेकलं होतं. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी साखरशेतहून रंजनाच्या आईचा निरोप आला. मंजुळा पोरीच्या अंगात शिरलीय, पोर कामाला येणार नाही. हे काम सुटलं की रंजना दिवाळीनंतर आईबरोबर वीटभट्टीवर जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला राग आला. माझ्या पानामुळे एका मुलीची नोकरी जाणार आणि मी भुताच्या नावावर पावती फाडू?

आधी पीएचपीवरच संशय घेतला. ते एकदा मिळालेली माहिती थोडा वेळ लक्षात ठेवतं आणि तीच पुन्हा सांगतं. ती आठवण पुसून पाहिली. नाव तेच. मग नाव दाखवणारी ओळच काढली आणि मशीन मुळात काय सांगतंय ते छापलं. तिथे नाव नव्हतंच. नुसता आकडा होता, १००७.

फाइलवर मालकाचं नाव कधीच लिहिलेलं नसतं. त्याच्या खात्याचा नंबर असतो. तो नंबर आज कोणाचा, ते विचारून पान नाव दाखवतं. १००७ आज रंजनाचा होता.

"सर, मंजुळाचं खातं कुठंय?"

"काढलं."

"कोणी?"

"मीच. तिचे दिवस झाले त्या संध्याकाळी." सर खिडकीकडे बघत होते. "गेलेल्या माणसाचं अंथरूण, ताट आपण घरात ठेवत नाही. तिचं नाव रोज स्क्रीनवर यायचं. म्हटलं, तिला इथे अडकवून नको ठेवायला."

सर्व्हरवरच्या खात्यांमध्ये शेवटचं मंजुळाचंच होतं. ते गेल्यावर नंबर मोकळा झाला. पुढचं खातं उघडलं रंजनाचं, आणि मशीनने तिला तोच नंबर दिला. नंबरामागे मंजुळाचे सगळे फोटो आले. सरांनी तिला मोकळं करायला जे केलं, त्यानेच ती रंजनाच्या नावात येऊन बसली.

आम्ही जीपने साखरशेतला गेलो. रंजना ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. नजर वर करेना. मी तिच्या आईला सगळं सांगितलं. शाळेत पोर नाव काढून गेलं की त्याचा हजेरी नंबर नव्या पोराला देतात, तसं झालंय म्हटलं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तिची जागा रिकामी केली नि आमची पोर तिथं बसवली."

"हो."

"मंग मी काय वेगळा बोलते?"

रंजनाने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "तिची जागा तिला परत देता येल का?"

येणार होती. मायलेकींना घेऊनच परत आलो. रंजनाला नवा नंबर दिला, तिचे स्वतःचे फोटो त्याच्यावर नेले. मंजुळाच्या नावाचं खातं पुन्हा उघडलं, १००७ तिला दिला आणि खात्याला कुलूप लावलं, म्हणजे त्यातून कोणालाही आत येता येणार नाही. पान ताजं केलं. त्या प्रत्येक जुन्या फोटोपुढे मंजुळाचं नाव आलं. त्या फायलींना मी बोटही लावलं नव्हतं. नाव परत यायची त्या वाटच बघत होत्या.

आई स्क्रीनजवळ गेली. "आता हितंच ऱ्हा बाय," ती म्हणाली. "पोरीला तिचा काम करू दे."

सोमवारी रंजना एकटी दाभोशाला जाऊन आली.

मी यातून एवढंच शिकले, की गेलेल्या माणसाचं खातं काढू नये, बंद करून ठेवावं. तसा नियमच आता मी सगळीकडे लावते. तरी त्या संस्थेची यादी उघडली की आधी मंजुळाच्या फोटोंपुढची बदलाची तारीख बघते, कोणी हात तर लावला नाही ना. अजून तरी जुनीच आहे.